डावा रकाना

आमच्या शाळेच्या अहवालातलं एक पान राजू टायपिस्टनं हरवलं, असं जुनी इंदूरमधली सगळी मराठी मंडळी गेली सहा वर्षं मानत आली आहेत. ते पान हरवलेलं नाही. हरवणं शक्यच नव्हतं, कारण ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं. ही गोष्ट दोघांनाच माहीत आहे, असं मी समजत होतो : राजूला आणि मला. राजू बोलला नाही, कारण तो सज्जन आहे. मी बोललो नाही, कारण मी तसा नाही. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. गुडघे गेले, एक डोळा गेला. थोडी लाज शिल्लक आहे, ती तरी वेळेत वापरावी म्हणतो.

मी एकतीस वर्षं कापड मिलमध्ये तपासनीस होतो. टेबलावरून तागा सरकत जायचा, आणि जिथे धागा तुटला, गाठ आली, तेलाचा डाग पडला, तिथे मी खडूनं फुली मारून चिठ्ठीवर नोंद करायची. बस, एवढंच काम. चांगल्या कापडाबद्दल काही लिहायची पद्धतच नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी उत्साहाच्या भरात एका चिठ्ठीवर 'विणकाम सुरेख' असं लिहिलं, तर आमचे हेडसाहेब ती चिठ्ठी घेऊन खातंभर फिरले. "ये देखो, अपने यहाँ शायर आया है!" त्या दिवसापासून शायरी बंद. जे चांगलं, तिथे कोरं सोडायचं. आख्खी चिठ्ठी कोरी म्हणजे तागा पहिल्या दर्जाचा. अशी कोरी चिठ्ठी मिळाली, की तो तागा विणणारा कामगार सगळ्यांना कचोरी खाऊ घालायचा!

पुढे मिल बंद पडली. माझं तपासणं मात्र बंद पडलं नाही. घरी तर लग्नापासूनच, पोहे झाले की मी सांगायचो, "बडीशेप चार दाणे जास्त." आमटी झाली की, "मीठ चिमूटभर वर." आणि सगळं उत्तम जमलेलं असेल तर? तर काहीच नाही. गप्प जेवायचो. आमची मंदा लग्नानंतर अकरा वर्षं माझ्या या गप्प जेवण्यावर स्वयंपाकघरात डोळे पुसत असे, हे मला फार उशिरा कळलं. मी हबकलोच! (अकरा वर्षं मी त्या बाईची तोंड भरून स्तुती करत होतो, आणि ती रडत होती!)

तर अशा माणसाच्या हातात सहा वर्षांपूर्वी एका शाळेचं भवितव्य देण्यात आलं.

शाळा आमच्याच गल्लीच्या टोकाला. सकाळची, मराठी, पहिली ते पाचवी, साठेक मुलं, चार शिक्षिका. आणि मुख्याध्यापिका कोण? वैशाली, आमची सून. ही शाळा चालवणाऱ्या शिक्षण मंडळाची दुसरी एक मोठी शाळा शहराबाहेर राऊला आहे. तिथे बस आहे, हिरवळ आहे, काचेच्या खिडक्या आहेत, आणि मराठी हा विषय शनिवारी आहे, तोही पीटी झाल्यानंतर वेळ उरला तर. मंडळातल्या काही जणांचं म्हणणं पडलं, की आपली ही छोटी शाळा बंद करावी आणि मुलं बसनं राऊला न्यावीत. सहा वर्षांचं पोर पहाटे उठून राऊला! निर्णय सभेत व्हायचा होता. त्याआधी कोणा ज्येष्ठ माणसानं शाळेचे गुणदोष तपासून अहवाल द्यावा असं ठरलं.

मंडळाचे अध्यक्ष नाना दिघे घरी आले. त्यांना शाळा वाचवायची होती. पण हे त्यांनी मला सरळ सांगितलं नाही, खुणेनं सांगितलं. खुणा मला कळत नाहीत.

"मुळेकाका, हा फॉर्म. दोन रकाने आहेत. डावीकडे बलस्थानं, उजवीकडे उणिवा."

"म्हणजे कचऱ्याच्या गाडीसारखं. ओला वेगळा, सुका वेगळा."

"हो, तसंच समजा." नाना थोडे दचकले. "मतलब, काका, जरा समजून लिहा. सूनबाईंची शाळा आहे."

"नाना, सून असो नाही तर साक्षात सरस्वती असो. माझा खडू कोणाला सोडत नाही."

नानांचा चहा तसाच राहिला. दारापर्यंत जाऊन ते परत फिरले आणि मंदाला म्हणाले, "काकू, तुम्ही यांना थोडं सांगा." मंदा म्हणाली, "नाना, मी पन्नास वर्षं सांगून राहिले."

वैशाली मात्र फक्त म्हणाली, "बाबा, तुम्हाला दिसेल ते लिहा. माझा तुमच्या नजरेवर भरवसा आहे." हे वाक्य मला त्या वेळी कौतुक वाटलं. आज आठवलं की घाम फुटतो.

दोन दिवस मी शाळा तपासली. सोबत मिलमधलं भिंग, टेप आणि खडू. पहिल्याच दिवशी मी डुगडुगणाऱ्या सात बाकांवर फुल्या मारल्या, तर दुसरीतली मुलं त्या फुल्यांवर गोळे काढून फुलीगोळा खेळायला लागली! घंटा तपासली : दोन मिनिटं उशिरा वाजते. नकाशा तपासला. त्यात छत्तीसगढ अजून आमच्यातच! चौथीचा पंखा बाईंपेक्षा मोठ्यानं बोलतो. तिसरीचा वर्ग पाढे खणखणीत म्हणतो, पण सात नव्वे आले की सगळे एकदम पुटपुटतात, आणि सात दाहे सत्तरला पुन्हा आवाज चढवतात. मी हे तीनदा म्हणवून घेतलं. तिन्ही वेळा तसंच!

एका पोराला विचारलं, "काय रे, तुमच्या बाई कशा आहेत?"

"अच्छ्या आहेत. पण मारतात."

मी पेन उघडलं. "कोणाला मारतात?"

"मच्छरांना."

मी लिहिलं : 'वर्गात डास आहेत.'

पण खरं सांगतो, त्या दोन दिवसांत मला बरेचदा पेन उघडताच आलं नाही. दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती, गुड्डी. घरची भाषा माळवी. मराठी येत नाही म्हणून तोंडच उघडायची नाही. तिच्या किरणबाईंनी तिला समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "तू माळवीत गोष्ट सांग. आम्ही सगळे मिळून ती मराठीत करतो." तिनं एका उंदराची गोष्ट सांगितली. प्रत्येक वाक्याला वीस पोरं मराठी शब्दांसाठी भांडत होती. गोष्ट संपेपर्यंत ती मुलगी स्वतःच पोरांच्या चुका काढायला लागली होती. "असो नी! उंदीर पळालो नी, पळाला!" (माळवीत 'नी' म्हणजे नाही.) मी दाराशी भिंग धरून उभा. पाहिलं, पाहिलं, आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

पुढे ओसरीत पाहिलं तर आमची वैशाली एका पोराच्या शर्टाचं बटण लावत होती, तो अंगात असतानाच, आणि लावता लावता त्याच्याकडून कविता पाठ करून घेत होती. ती गेल्यावर मी पोराला थांबवून भिंगानं टाका तपासला. गाठ आतून, दोरा त्याच रंगाचा, टाके सहा. वहीत काही लिहिलं नाही. मिलमध्ये एकतीस वर्षांत एवढं 'काही न लिहिणं' माझ्याकडून कोणाला मिळालं नव्हतं!

घरी फॉर्म घेऊन बसलो. उजवा रकाना अर्ध्या तासात भरला. एक्केचाळीस नोंदी! मग डावा. नंबर एक घालून मी लिहिलं, 'शिक्षिका फार प्रेमळ...' आणि कानात हेडसाहेबांचा आवाज घुमला : शायर आया है! खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी नवा फॉर्म घेतला आणि विचार केला, की कोणत्याही समजदार माणसाला कळेल. उजवीकडे नाही ते सगळं चांगलंच की! डावा रकाना मी पूर्ण कोरा सोडला. माझ्या हिशेबी वैशालीच्या शाळेला मी पहिल्या दर्जाचा शिक्का मारला होता.

टायपिंगसाठी गेलो राजूकडे. राजूचं दुकान शाळेच्या समोरच. झेरॉक्स, टाइपिंग, लग्नपत्रिका. माणूस माळव्यातला, गौतमपुऱ्याकडचा. पण आमच्या लोकांच्या पत्रिका टाइप करून करून मराठी अक्षर न अक्षर ओळखतो.

"काकाजी, बायीं तरफ कुछ नहीं लिखना?"

"नहीं."

"पूरा खाली?"

"पूरा खाली. वही तो बात है, राजू!"

त्यानं मान तिरकी करून पडद्याकडे पाहिलं. "भोत सूना लग रिया है, काकाजी."

"लगने दे."

कागद पाकिटात घातला, पाकीट डिंकानं बंद केलं आणि नानांना नेऊन दिलं. नानांनी ते न उघडता कपाटात ठेवलं. म्हणाले, "काका, तुमच्यावर विश्वास आहे." (त्या आठवड्यात माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची फार मोठी लाट आली होती.)

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा. मंडळाचे सभासद, शिक्षिका, पंधरावीस पालक, आणि मागे पोह्यांचं पातेलं. नाना हसतमुखानं उभे राहिले, पाकीट फोडलं. "आता आपले मुळेकाका यांनी दोन दिवस बारकाईनं पाहून दिलेला अहवाल वाचतो. शाळेची बलस्थानं."

आणि थांबले.

कागद उलटा केला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद उजेडाकडे धरला.

"नाना, वाचा ना," मागून कोणीतरी म्हणालं.

"काय वाचू?" नानांचा आवाज बसला. "कोरं आहे."

हॉलमध्ये अशी शांतता पसरली, की पोह्यांवर कोणीतरी शेव टाकली तीही ऐकू आली. मी मात्र ताठ बसून होतो. वाटलं, आता टाळ्या वाजतील!

टाळ्या वाजल्या नाहीत. राऊच्या बाजूचे म्होरके गुळवे वकील उठले, त्यांनी नानांच्या हातातून कागद घेतला आणि उजवा रकाना वाचायला सुरुवात केली. कोर्टात वाचतात तसा, थांबून थांबून. "घंटा दोन मिनिटं उशिरा. वर्गात डास. नळ गळतो. राज्याचा नकाशा कालबाह्य." प्रत्येक नोंदीगणिक शिक्षिकांच्या माना एकेक इंच खाली. "सव्वीस. मुख्याध्यापिका फार हसतात, मुलांना धाक नाही. सत्तावीस." वकील इथे पाणी प्यायले. "मुख्याध्यापिका दररोज पाच मिनिटं उशिरा येतात."

वैशाली उभी राहिली. "कारण लिहिलंय का त्यांनी?"

"कारण नाही लिहिलेलं."

"बरं," म्हणाली, आणि बसली.

कारण मला माहीत होतं. सकाळी मला दोनदा चहा लागतो. दुसरा चहा देऊन ती निघते. पाच मिनिटं त्यातच जातात.

एक्केचाळीस नोंदी संपल्या. वकिलांनी कागद वर धरला. "मंडळी, सख्ख्या सासऱ्याला सुनेच्या शाळेत एक, फक्त एक गुण सापडला नाही! याहून निष्पक्ष पुरावा कुठला?" लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. एक आजी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अग बाई, घरात काही भांडण झालं होतं का?" मंदा डोळे मिटून बसली होती. तिला कळलं होतं. सगळ्या हॉलमध्ये ती एकटीच तो कोरा रकाना वाचू शकत होती!

मी उठलो. मिलची पद्धत समजावून सांगायची, एवढंच करायचं होतं. दोन वाक्यांचं काम. पण तेवढ्यात वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मी खरं बोललो असतो. ती, वर्षानुवर्षं सांभाळलेलं कापड कोणी भर बाजारात टराटरा फाडावं, तशी पाहत होती. आणि माझ्या तोंडून निघालं :

"पान हरवलं!"

"कुठलं पान?" वकील म्हणाले.

"बलस्थानांचं. वेगळं पान होतं. भलंमोठं! टायपिस्टकडे... राजूकडे राहिलं!"

बोललो आणि स्वतःच सर्द झालो. एकतीस वर्षांत मी चिठ्ठीवर एक खोटी फुली मारली नव्हती. आणि आता पहिलीच मारली ती निर्दोष माणसावर!

मला वाटलं, विषय पुढच्या रविवारवर जाईल, तोवर काहीतरी सुचेल. कसचं! सगळी सभा उठली आणि पोह्यांच्या प्लेटा हातात घेऊन रस्ता ओलांडून राजूच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली. पुढे वकील, मागे नाना, मध्ये मला धरून आणलेलं. पकडलेल्या खिसेकापूला आणतात तसं, पण आदरानं.

"ए राजू भिया! काकांचा एक पन्ना हरवलास का?"

राजूनं लोकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "काकाजी?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो. आयुष्यात मी काचा इतक्या स्वच्छ कधी पुसल्या नव्हत्या.

राजूनं एक मोठा श्वास घेतला. "हो गया होगा, भिया. इधर-उधर हो जाता है कागज. गलती मेरी है."

लोकांनी त्याला काय काय ऐकवलं! "शाळा बंद पडली असती, कळतं का?" "आमची पत्रिका देणार होतो याच्याकडे, आता देतो का!" राजू मान खाली घालून उभा. आणि मी? मीही मान हलवत होतो. हो हो, फार वाईट झालं, अशी!

मग राजू खुर्चीत बसला, पडदा चालू केला, आणि एकदम म्हणाला, "कोई बात नहीं. काकाजी तो यहीं खड़े हैं. फिर से बोल दो काकाजी, मैं अभी टाइप कर देता हूँ. बोलो, नंबर एक."

मी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

पन्नास माणसं. दुकानाच्या दारात वैशाली. राजूची बोटं तयार. आणि मी, ज्यानं जन्मात कोणाला 'छान' म्हटलं नव्हतं!

"नंबर एक..." मी म्हणालो. "नंबर एक. तिसरीच्या भिंतीला... ओल नाही."

"ये बलस्थान है?" वकील म्हणाले.

"नंबर दोन. पाचवीच्या दाराची कडी... लागते."

"काका, अहो काहीतरी चांगलं बोला!" नाना रडकुंडीला आले.

"तेच बोलतोय! नंबर तीन. मुलांच्या शर्टांना बटणं आहेत."

गर्दीतून हसू फुटलं. एका पोराची आई मात्र हसली नाही. ती गर्दीतून पुढे आली. "थांबा हो काका. बटणं 'आहेत' नाही. बटणं बाई लावतात! माझ्या पोराचं मागच्या मंगळवारी लावलं. मी सकाळी सहाला कामावर जाते, मला कुठून वेळ? लिहा, राजू भिया!" राजूनं लिहिलं. मग दुसरी बाई. "आणि माझी मुलगी तोतरं बोलायची, बाईंनी सगळ्या वर्गाला सक्त सांगितलंय की तिचं वाक्य कोणी पूर्ण करायचं नाही. आता पटपट बोलते, घरात ऐकवत नाही! लिहा." मग एक आजोबा, मग एक रिक्षावाले, मग स्वतः पोह्यांचं पातेलं घेऊन आलेले काका. "अरे, मी इथलाच! पहिलीत तीन वर्षं होतो, पण काढलं नाही कोणी मला!" लोक आता माझ्यावर ओरडत होते. "दोन दिवस भिंग घेऊन फिरलात, हे दिसलं नाही तुम्हाला?"

दिसलं होतं हो! सगळं दिसलं होतं!

नंबर अठरा राजूनं कोणाला न विचारता टाइप केला. टाइप करता करता मोठ्यानं वाचला. "हमारी गुड्डी स्कूल में मुँह नहीं खोलती थी. अब घर में मेरी मराठी सुधारती है." मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. उंदराची गोष्ट सांगणारी गुड्डी याची मुलगी होती! आणि मी याच्याच डोक्यावर पान हरवल्याचा आळ घातला होता.

पानं झाली चार. शेवटी खाली सही माझी. पुढच्या रविवारी हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. चारही पानं वाचली गेली. गुळवे वकील दोन वाक्यं बोलायला उठले आणि पालकांचा आवाज ऐकून अर्ध्या वाक्यात बसले. शाळा वाचली. आज तिथे नवा नकाशा आहे, आणि घंटा वेळेवर वाजते. सात नव्वे अजून पुटपुटतात.

सगळ्यांचं भलं झालं, एक राजू सोडून. 'पान हरवणारा राजू' हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. कोणी कागद द्यायला गेलं की म्हणायचं, "पानं मोजून घे हां भिया!" आमच्या लोकांच्या पत्रिका दुसऱ्या दुकानात जायला लागल्या. राजू हसायचा. मी त्याच्या दुकानावरून जायचं टाळायला लागलो. भाजीला जाताना आख्ख्या गल्लीला वळसा घालायचो. मंदा विचारायची, "पालक आणायला एक तास?" मी म्हणायचो, "गुडघे." दरवर्षी ठरवायचो, यंदा सांगू. दरवर्षी गुडघे.

यंदा स्नेहसंमेलनात एका पालकानं भाषणात तो किस्सा रंगवून सांगितला. हॉल हसला. पहिल्या रांगेत राजू बसला होता. मुलगी हायस्कूलला गेली तरी दरवर्षी येतो. तोही हसला, टाळी दिली. शेजारी त्याची गुड्डी होती. ती हसली नाही. ती आपल्या बापाकडे पाहत होती.

मला बसवलंच नाही. घरी आल्यावर वैशाली चप्पल काढतेय तोच म्हणालो, "वैशाली, ते पान हरवलं नव्हतं. पान नव्हतंच. मी डावा रकाना कोरा सोडला होता."

"माहीत आहे, बाबा."

"म्हणजे?"

"राजू भियानं दुसऱ्याच दिवशी तुमचा हातानं लिहिलेला फॉर्म आणून दिला मला. म्हणाला, भाभीजी, काकाजी का है, सँभाल के रखो. आणि लग्न होऊन आल्यापासून मी तुम्हाला रोज दोन चहा देते. एकदा तरी चांगला झाला म्हणालात? मला कोऱ्या रकान्याचा अर्थ कळणार नाही?"

"मग सहा वर्षं बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते, तुम्ही कधी बोलाल." आत जाता जाता थांबली. "मला त्याचं काही नाही हो, बाबा. मला शाळा मिळाली. राजू भियाला काय मिळालं?"

दुसऱ्या दिवशी वळसा न घालता सरळ राजूच्या दुकानात गेलो. हात जोडले. तो गडबडून उठला. "अरे काकाजी, क्या कर रिये हो!"

"तू कशाला घेतलास रे आळ अंगावर?"

"उस टाइम अपनी शकल देखी थी, काकाजी? आपको वहीं कुछ हो जाता, तो भाभीजी स्कूल बचातीं के आपको?" मग जरा थांबून म्हणाला, "पर अब गुड्डी बड़ी हो गई है. पूछती है. तो एक काम करो. लिख के दे दो."

म्हणून हे लिहिलं. शाळेच्या स्मरणिकेत छापून येणार आहे. सगळ्यांनी वाचावं, आणि पत्रिका कुठे टाकायच्या ते समजून घ्यावं. टाइप राजूनंच केलं आहे. एकही पान हरवलेलं नाही. पाहिजे तर मोजा.

काल टाइप करून झालं तेव्हा मंदाही दुकानात सोबत होती. राजू म्हणाला, "काकाजी, लेख के नीचे लेखक का परिचय आएगा. आपकी खूबियाँ बोलो, दो लाइन."

मी घसा साफ केला. पण माझ्या आधी मंदा बोलली. "खाली छोड दो, राजू."

"पूरा खाली, काकीजी?"

"पूरा."

राजूनं मान तिरकी करून पडद्याकडे पाहिलं, आणि खुशीत म्हणाला, "हाँ काकीजी, अब बराबर लग रिया है!"

मंदा हे मिलच्या पद्धतीनं म्हणाली की साध्या पद्धतीनं, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. आज रात्री मी जेवताना तिच्या आमटीला 'छान' म्हणून पाहणार आहे. घाबरून तिनं डॉक्टरला फोन केला नाही, म्हणजे मिळवली.